कुंपणापलीकडे नेलेला गिबोशी

आज मला पाहिलंत तर तुम्ही ओळखणार नाही. पत्र्याच्या शेडमागे एक मोठी मातीची कुंडी आहे, तिच्यात दाटीवाटीने वाढलेली हिरवी पानं आहेत, एवढंच तुम्हाला दिसेल. म्हणून ओळख मीच करून देतो. मी गिबोशी, सावलीत वाढणारं पानांचं झाड. पुलाच्या कठड्यावर कांद्याच्या आकाराचा गोळा बसवतात ना, आमची कळी तशीच दिसते. त्या गोळ्याला इथे जपानात गिबोशी म्हणतात, तेच नाव आम्हाला पडलं.

आम्हाला फुलंही येतात. फिकी जांभळी, एका दिवसात मिटणारी. पण फुलांसाठी आम्हाला कुणी लावत नाही. लावतात ते पानांसाठी. आणि माझ्या पानांना पांढरी कड होती. बोटभर रुंद, पानाच्या देठापासून टोकापर्यंत, जणू कुणी ब्रश एकदाच भरून न उचलता फिरवला होता.

मी जन्मलो तो डोंगराच्या उतारावर, ओढ्याकाठी. माझी आई सगळी हिरवी, आजूबाजूचं सगळं गणगोतही हिरवं. मीच एकटा असा का निघालो, ते मला सांगता येणार नाही. आमच्यात असं होतं कधीकधी. हजारांत एखादा कोंब रंग चुकून वर येतो. बहुतेक वेळा तो मरतो, नाहीतर कुणाच्या तरी पोटात जातो. कारण बर्फ वितळलं की गावातली माणसं आमचे कोवळे कोंब खुडायला डोंगरात येतात. उकडून, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण लावून खातात.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या वसंतात तोकुजी आणि त्याची बायको हात्सुए असेच कोंब खुडायला आले होते. तोकुजी लाकडाच्या वखारीत कामाला होता. घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. आमच्यासारखंच दिसणारं एक विषारी झाड तिथे उगवतं, म्हणून तो प्रत्येक कोंब उलटसुलट करून बघायचा आणि मगच टोपलीत टाकायचा. तसं बघतानाच त्याला मी दिसलो.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "याला रंगवता रंगवता कुणीतरी जेवायला उठून गेलंय."

हात्सुएने वाकून पाहिलं. तिला वाटलं मला रोग झालाय. ती म्हणाली, टोपलीत टाकू नका, बाकीचे खराब होतील.

"रोग नाही. वेगळा आहे तो," तोकुजी म्हणाला. त्याने खिशातला चाकू काढून माझ्याभोवती गोल कापलं, मुळाला माती राहील असं मला उचललं, गळ्यातला टॉवेल ओढ्यात भिजवून त्यात गुंडाळलं आणि शर्टाच्या आत ठेवलं. डोंगर उतरेपर्यंत मी त्याच्या छातीशी होतो. माणसाचा ऊबदारपणा मला पहिल्यांदा कळला तो तिथे.

घरी आल्यावर त्याने मला पुढच्या दारात लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. ते त्याचं चुकलं. पानाच्या पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही. आषाढाच्या सुमारास माझी कड करपली, जुन्या वर्तमानपत्रासारखी तपकिरी आणि कुरकुरीत झाली. तोकुजी रोज दोन वेळा पाणी घालायचा आणि मी रोज थोडा थोडा जळायचो. शेवटी हात्सुएने त्याला न विचारताच मला उचललं आणि घराच्या उत्तरेला, स्वयंपाकघरामागच्या अरुंद अंगणात नेलं. संध्याकाळी तो विचारायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "हा दाखवायचा नाही. हा आपण बघायचा."

त्या अंगणात सकाळी अर्धा तास ऊन यायचं, तेही मेपलच्या पानांतून गाळून. बाकी दिवसभर सावली. एका बाजूला घराची ओसरी, दुसऱ्या बाजूला देवदाराच्या फळ्यांचं कुंपण. हात्सुएने खड्डा खणून त्यात डोंगरातून आणलेला पालापाचोळ्याचा कुजका चुरा भरला, तळाशी बारीक खडी टाकली आणि भोवती शेवाळ दाबून बसवलं. हिवाळ्यात छपरावरचं बर्फ घसरून नेमकं माझ्यावर पडायचं, आणि त्या पुरुषभर ढिगाखाली मी चार महिने निवांत झोपायचो. वर कितीही गोठलं तरी खाली मला थंडी लागली नाही.

मी सावकाश वाढतो. तिसऱ्या वर्षी मला पाच पानं होती. सातव्या वर्षी एकेक पान जेवणाच्या ताटाएवढं झालं. दहाव्या वर्षी माझा पसारा उघडलेल्या छत्रीएवढा झाला, आणि पाऊस पडला की पानांवरून पाणी ओघळताना असा आवाज यायचा की तोकुजी ओसरीवर चहा घेऊन नुसता ऐकत बसायचा. हात्सुए पहाटे उठून जेवणाच्या काड्यांनी माझ्यावरच्या गोगलगायी वेचायची. वेचता वेचता बोलायची. मुलाचं सांगायची. त्यांचा मुलगा हिदेआकी दूर सेंदाई शहरात नोकरीला होता, फोन कमी करायचा. सांधे दुखतात ते सांगायची. मला ती 'पट्ट्या' म्हणायची, दुसरं नाव कधी ठेवलंच नाही.

आमच्या जातीला फोडून एकाचे चार करता येतात. बागेची हौस असणारे तेच करतात. मुळाचा गड्डा कापायचा आणि मित्रमंडळींत वाटायचा. हात्सुएने तसं कधी केलं नाही. ती म्हणायची, "पट्ट्या, तुला मी तोडून कुणाला देणार नाही. तू आहेस तसा रहा." मी त्या शब्दावर विसंबून राहिलो. झाडाने विसंबायचं नाही तर काय करायचं? आम्हाला काही उठून जाता येत नाही.

आता मित्सुयोबद्दल सांगतो. कुंपणापलीकडे तिचं घर. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. हात्सुएपेक्षा पाच वर्षांनी लहान. कुंपणाची एक फळी निघालेली होती, तिथूनच तिचं येणंजाणं. गावात बागप्रेमींचं एक मंडळ होतं, त्यात दोघीही होत्या. मित्सुयोचा हात झाडांना तसा लागत नसे. तिची अझेलियाची फुलझाडं सुकायची, तिची नेची पिवळी पडायची. दर वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात ती टेबलं मांडायची आणि चहा वाटायची.

दर वसंतात माझे कोंब वर आले की ती माझ्यापुढे उकिडवी बसायची आणि म्हणायची, "ताई, यातला एक कोंब मला द्या ना."

"पुढच्या वर्षी," हात्सुए म्हणायची. "अजून भरला नाही तो."

असं एकदा नाही, तेरा वर्षं चाललं. एकदा मित्सुयो हसत म्हणाली, "ताई, तुमचं पुढचं वर्ष म्हणजे सरकारने आपल्या गावाला कबूल केलेला बोगदाच. आमचे वडील म्हणायचे येणार, मीही म्हणते येणार." ओसरीवरचा तोकुजी हसला. हात्सुएही हसली, पण कोंब दिला नाही. खरं सांगतो, तेव्हा मलाही बरं वाटायचं. आपल्याला कुणीतरी इतकं जपतं याचा मला ताठा होता. मित्सुयो उठताना माझ्या पानावरून बोट फिरवायची, त्यात किती साठत होतं ते मी तेव्हा ओळखलं नाही.

मग तोकुजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिभेवर फक्त एक 'आ' उरला, त्यातच त्याचं सगळं बोलणं. हात्सुएने त्याचा पलंग उत्तरेच्या खोलीत काचेच्या दाराजवळ लावला. तिथून त्याला मी दिसायचो. दोन वर्षं तो मला बघत होता आणि मी त्याला.

दोन वर्षांनी, मार्चच्या सुरुवातीला हात्सुए ओसरीच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, मग चालायला शिकणं, मिळून तीन महिने यामागाता शहरातल्या रुग्णालयात. हिदेआकी आला. त्याने वडिलांना वृद्धांच्या निवासात ठेवायचं ठरवलं आणि ठेवलंही. तोकुजीने तिथे चार दिवस जेवायला तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी मित्सुयो तिथे गेली आणि हिदेआकीला म्हणाली, मी बघते यांना, घरी आणा.

ती नुसतं बोलून थांबली नाही. आधी बर्फाखालून ऐकलं आणि बर्फ वितळल्यावर डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे सांगितलंच पाहिजे. रोज सकाळी ती फळी सरकवून यायची, पेज करायची, चमच्याने अर्धा अर्धा तास भरवायची. त्याला पुसायची, कूस बदलायची, चादरी धुवायची. चादरी रोजच धुवाव्या लागत. पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल लावायची. परक्या पुरुषाचं एवढं करताना तिने तोंड वाकडं केलं नाही. "दादा, आज मासा आहे, काटे मी काढलेत, उगाच नाटकं करू नका," असं दटावायची, आणि तोकुजी हसायचा. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसायचा.

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळलं आणि माझे कोंब वर आले. त्या वर्षी एकवीस होते. जांभळट, टोकदार, गुंडाळलेल्या कागदासारखे. मित्सुयो भरवता भरवता काचेतून बाहेर बघायची. रोज बघायची.

एका दुपारी तोकुजीचं जेवण झाल्यावर ती फावडं घेऊन अंगणात आली. माझ्यापुढे बसली.  मग उठून फावड्याचं पातं माझ्या कडेला टेकवलं आणि त्यावर पाय ठेवला. तिला एकच तुकडा घ्यायचा होता, यावर माझा आजही विश्वास आहे. चार-पाच कोंबांचा तुकडा. जखम भरून आली असती, हात्सुएला कदाचित कळलंही नसतं.

पण आतून आवाज आला. "आ. आ."

तोकुजी कोपरावर उठायची धडपड करत होता. डाव्या हाताने काचेवर थापा मारत होता. मित्सुयो दचकली आणि तिचा पाय पात्यावर जोरात पडला. फावडं कडेला न जाता आडवं गेलं, गड्ड्याच्या मधून. काय तुटलं ते तिलाही ऐकू आलं.

ती काचेकडे वळली. "दादा, तुकडाच घेत होते," ती म्हणाली. "तेरा वर्षं मागतेय मी."

"आ," तोकुजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग तिने जे केलं ते घाबरून केलं की रागाने, ते मला आजवर उमगलेलं नाही. अर्धा कापलेल्या मला तसंच ठेवलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. तिने मला सगळंच खणून काढलं. दोन्ही अर्धे एका प्लास्टिकच्या पिशवीत भरले, खड्डा बुजवला, वर शेवाळ अंथरलं, पायाने दाबलं. हात धुऊन आत गेली आणि तोकुजीचं तोंड पुसलं. त्याने मान फिरवली. ती म्हणाली, "रागवा. पण संध्याकाळी जेवा." संध्याकाळी तो जेवला.

मला फळीच्या फटीतून पलीकडे नेण्यात आलं. जुन्या घरापासून फार तर दहा पावलं. शेडमागे मला या कुंडीत लावलं. एक अर्धा कुजला, एक जगला. जगला तो मी.

जूनमध्ये हात्सुए काठीच्या आधाराने घरी आली. कुंपणापलीकडून येणारा काठीचा ठोका मला ओळखीचा नव्हता, पण तिचा आवाज ओळखीचा होता. पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली. मग ओसरीवर आली. मग काठी पायरी उतरली आणि माझ्या जागेपाशी थांबली.

मित्सुयोने सांगितलं, उंदरांनी मुळं खाल्ली. यंदा बर्फ उशिरापर्यंत होतं, खालून बिळं करून आले असतील. मी बघितलं तेव्हा काही शिल्लक नव्हतं, ताई.

असं आमच्या भागात होतं. हात्सुएला खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. तोकुजी मात्र 'आ, आ' करत राहिला, डावा हात कुंपणाकडे करत राहिला. तिला वाटलं त्याला तहान लागली. तिने पाणी आणलं. त्याने पेला ढकलून दिला. तिला वाटलं तो दमला आहे. आणि मग तिने मित्सुयोपुढे जमिनीला कपाळ टेकलं. ते मला दिसलं नाही, पण मित्सुयोचं बोलणं ऐकू आलं: "उठा ताई, असं करू नका, पाय दुखेल." हात्सुए म्हणाली, तू माझ्या माणसाला जगवलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यानंतर मित्सुयोला खरं सांगता येणं शक्यच नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तसं म्हणून बघितलं आहे. पण दहा पावलांवर ती म्हातारी रिकाम्या शेवाळापुढे उभी राहून "मी नव्हते ना, म्हणून गेलास," असं म्हणत होती, आणि मी इथे जिवंत होतो. हाक मारायला मला तोकुजीएवढाही आवाज नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात तोकुजी गेला. त्याने जे पाहिलं ते त्याच्याबरोबर गेलं.

मी कुंडीत पुन्हा वाढलो. मित्सुयो मला कुणाला दाखवत नसे. पण माझी निगा ती हात्सुएकडूनच शिकलेली होती, अगदी काड्यांनी गोगलगायी वेचण्यापर्यंत. चार वर्षांत मी पुन्हा बघण्यासारखा झालो. तिने लावलेल्या झाडांत पहिल्यांदाच कुणीतरी इतकं फोफावलं होतं. कधीकधी ती शेडच्या पायरीवर बसून नुसती मला बघायची. त्या बघण्यात आनंद होता असं मी म्हणणार नाही, पण हौस होती.

मग एक दिवस ओनोदेरा सर आले. निवृत्त शिक्षक, बागमंडळाचे अध्यक्ष. उसनी नेलेली घमेली परत करायला आले आणि ठेवायला थेट शेडमागेच गेले. तिथे त्यांना मी दिसलो. ते चष्मा पुसून पुन्हा बघू लागले.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

मित्सुयो म्हणाली, डोंगरात सापडला. तेवढं बोलली आणि अडकली. सरांनी पुढचं सगळं आपणच ठरवलं. जूनच्या प्रदर्शनात मला ठेवायचं, मधल्या टेबलावर. तिने दोन-तीनदा नको म्हटलं, पण ते नको पातळ होतं. चाळीस वर्षं चहा वाटणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं की तुमचं झाड मध्ये ठेवू. आणि तिने हिशेब केला होता की हात्सुए येणार नाही. नवरा गेल्यापासून हात्सुएने मंडळात जाणं सोडलं होतं.

गावच्या सभागृहात मला काळ्या लाखेच्या पाटावर ठेवलं. समोर सरांच्या सुरेख अक्षरातली पाटी: 'मे महिन्यातलं बर्फ. शोध आणि जोपासना: मित्सुयो.' नाव सरांनीच ठेवलं होतं. माणसं येऊन वाकून बघत होती, दबक्या आवाजात बोलत होती. वीस वर्षांत मला एवढ्या माणसांनी पाहिलं नव्हतं, आणि मला तिथून निघायचं होतं.

जेवणाच्या सुमाराला हात्सुए आली. मंडळातल्या कुणीतरी आग्रहाने गाडीतून आणली होती. ती हळूहळू एकेका टेबलापुढे थांबत होती. माझ्यापुढे आली आणि थांबली.

माझ्या गाभ्यातलं एक पान नेहमी नीट उलगडत नाही, बाहीसारखं दुमडलेलं राहतं. हात्सुएने चष्मा लावला नाही, पाटी वाचली नाही. तिने बोट घातलं आणि ते पान उलगडलं, जसं पूर्वी उलगडायची तसंच. मला वाटलं, झालं. आता घरी जायचं.

मित्सुयो हातात चहाचं तबक घेऊन दोन टेबलं पलीकडे उभी होती. 

ओनोदेरा सर जवळ आले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले, "हात्सुएबाई, तुमच्याकडे पण असाच एक होता ना? उंदरांनी खाल्ला तो. मला तर हा हुबेहूब तोच वाटतो."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. गाव लहान आहे. एका वाक्यात कुणाचं तोंड कायमचं काळं होऊ शकतं आणि त्या सभागृहात ते वाक्य आता हात्सुएच्या तोंडात होतं.

तिने मित्सुयोकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग माझ्यावरचं बोट काढून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "माझा वेगळा होता. त्याची कड पिवळी होती."

सर म्हणाले, असं का, मला पांढरी आठवत होती.

"पिवळी," हात्सुए म्हणाली. "हा माझा नाही." आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

फावड्याने मी मधून तुटलो होतो, ते दुखलं होतं. पण ते परक्या हाताचं होतं. हे दुखणं निराळं. तिने मला ओळखलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. वय झालं, डोळे गेले. पण तिने ओळखलं. पान उलगडलं. आणि मग सगळ्यांदेखत मला नाकारलं. ज्या बाईने 'तुला तोडून कुणाला देणार नाही' म्हटलं होतं, तिने मला न तोडता, आख्खाच्या आख्खा देऊन टाकलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं.

त्या दिवसापासून मित्सुयो माझ्याकडे सरळ बघेनाशी झाली. शरद ऋतूत सरांच्या सांगण्यावरून माझे सहा तुकडे करून मंडळातल्या लोकांना वाटले. तुकडे झाल्यावर मी कुठे असतो, असा प्रश्न तुम्हाला पडेल. जुनं मूळ जिथे राहतं तिथे मी. ते या कुंडीत राहिलं. पण सातवा एक तुकडा तिने बाजूला ठेवला होता, सगळ्यांत चांगला. एका सकाळी तो नव्या कुंडीत लावून तिने फळीतून पलीकडे नेला आणि हात्सुएच्या ओसरीवर ठेवून, हाक न मारता परत आली. तिला जे बोलता येत नव्हतं ते तिने तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कुंडी आमच्या शेडच्या पायरीवर होती. तिच्याशेजारी झाकण घातलेली वाटी, वाटीत मुळ्याचं लोणचं. हात्सुएचं लोणचं गावात प्रसिद्ध होतं. मित्सुयो ती वाटी हातात धरून पायरीवर बसली. लोणचं तिने खाल्लं की नाही ते आठवत नाही. ती कुंडी मात्र तिने तिथेच राहू दिली आणि त्या थंडीत तो तुकडा गोठून गेला.

त्यानंतर तिने माझ्याकडे लक्ष देणं जवळजवळ सोडलं. पाणी पावसाचं मिळेल तेवढं. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पांढऱ्या भागाला अन्न करता येत नाही. हिरवा भाग कमावतो आणि पांढऱ्याला पोसतो. त्यामुळे आमच्या मुळातून अधूनमधून सगळा हिरवा कोंब येतो, आईवर गेलेला. तो धट्टाकट्टा असतो. दर वसंतात तो मुळापासून काढला नाही तर तीन-चार वर्षांत सगळं झाड तोच होऊन बसतो. हात्सुए ते काम बोलता बोलता करायची, तिने ते कुणाला शिकवलंच नाही. मित्सुयोला वाटत राहिलं की मी रागाने रंग टाकतो आहे.

यंदाच्या मेमध्ये हिदेआकी आईला सेंदाईला न्यायला आला. हात्सुए आता ऐंशीची आहे, एकटीला झेपत नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती मित्सुयोकडे निरोप घ्यायला आली. फळीच्या फटीतून आता तिला येता येत नाही, म्हणून रस्त्याने वळसा घालून आली. दोघी शेडच्या पायरीवर बसल्या, चहा प्यायल्या. हवापाण्याचं बोलल्या, सेंदाईच्या घराला लिफ्ट आहे हे बोलल्या. मी चार हातांवर होतो.

चहा संपल्यावर मित्सुयो म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही पिवळी का म्हणालात?"

हात्सुएने पेला खाली ठेवला. "तुझे हात दिसले मला. त्या हातांनी तू यांचं तीन महिने सगळं केलंस. माझ्या मुलाने केलं नाही ते केलंस. मग मी दुसरं काय म्हणणार होते?"

मित्सुयो रडायला लागली. हात्सुएने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"पण तू विचारलंस म्हणून सांगते," ती म्हणाली. "राग गेलेला नाही माझा. सहा वर्षं झाली, वाटलं होतं जाईल. उपकार आहेत ते आहेतच, आणि रागही आहे. दोन्ही घेऊन चाललेय."

"एक कोंब दिला असतात तर," मित्सुयो म्हणाली. तेवढंच म्हणाली.

"हो," हात्सुए म्हणाली. "ते माझं चुकलं."

मग ती काठीवर जोर देऊन उठली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. माझी पानं दाट हिरवी होती. तिने काठीच्या टोकाने ती जरा बाजूला केली, आत काहीतरी शोधलं. काय शोधते आहे ते मला कळलं आणि मी जीव एकवटून ते दुमडलेलं, अजून पांढऱ्या कडेचं एक पान पुढे धरायचा प्रयत्न केला, पण आम्हाला हलता येत नाही. ते पान तिला दिसलं की नाही कुणास ठाऊक. मित्सुयोने विचारलं, "नेता का याला?"

"चौथ्या मजल्यावर नुसतं ऊन आहे," हात्सुए म्हणाली. आणि गेली.

दोघींनी एकमेकींचं जे काही देणं होतं ते आपापसांत मिटवलं. चांगलं झालं. माणसांना तसं करावं लागत असेल. पण ज्याला देऊन ते मिटलं, त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. एकीने मला चोरलं आणि तिला माझ्याकडे बघवेना. एकीने मला वाढवलं आणि तिलाही बघवेना. माझा गुन्हा काय, एवढं तरी कुणी सांगावं.

म्हणून तुम्हाला एक विनवणी. तुमच्या सावलीत वाढलेलं काही कुणाला द्यावंसं वाटलं, तर खुशाल द्या. फोडून द्या, सगळं द्या. पण त्याच्यासमोर उभं राहून 'हे माझं नव्हतंच' असं म्हणू नका. त्याला ऐकू येतं.

आता माझ्यात एकच पान उरलं आहे माझं म्हणण्यासारखं, गाभ्याजवळ, बाकीच्यांच्या अंधारात. पुढच्या वसंतात तेही हिरवं येईल असं वाटतं. मग मी या कुंडीतलं एक साधं झाड होईन. कुणी विचारणार नाही, कुणी काही लपवणार नाही. ते होण्याआधी एवढं कुणाला तरी सांगून ठेवायचं होतं. मला तोकुजीने शोधलं, हात्सुएने वाढवलं, आणि माझी कड पांढरी आहे.